हौदाच्या पाण्याची चव

मुनव्वर खाले हौदाचं पाणी पिते, ही गोष्ट इराणमधल्या काशान शहरातल्या आमच्या गल्लीत कुणाला नवी नाही. खाले म्हणजे माझी सख्खी मावशी. पण आख्खी गल्ली तिला खालेच म्हणते, तिच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा. सकाळची नमाज उरकली की ती अंगणात येते, ओंजळ हौदात बुडवते, एक घोट तोंडात घेऊन गालांत घोळवते, आणि मग एकतर गिळते नाहीतर डाळिंबाच्या बुंध्याशी थुंकते. गिळलं तर दिवस बरा. थुंकलं तर मला हाक. मग मी शिवणाचं मशीन सोडायचं, कपाळाला आठ्या घालायच्या आणि बादल्यांनी हौद उपसायचा.

"जे माझ्या घशाखाली उतरत नाही, ते माझ्या मुलांनी का प्यायचं?" हा तिचा कायदा. मुलं म्हणजे मासे.

"मासे पाणी पितात हे तुला कुणी सांगितलं?" मी एकदा चिडून विचारलं होतं.

"मग त्यांची तोंडं सारखी हलतात ती कशाला? तुझ्यासारखी उलट उत्तरं द्यायला?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तरी मी घालते, कारण दोन बायकांच्या घरात दुसरं करायचं काय?

खालेला मूल झालं नाही. तिचा नवरा लवकर गेला, आणि त्याच्या मागे राहिलं हे अंगण, डाळिंबाचं झाड आणि मधोमध हा हौद. मुलं मात्र तिच्याकडे आपोआप चालत आली. नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाला, मांडणी करतात आणि तीत घरोघरी काचेच्या भांड्यात एक लाल मासा ठेवतात. तेराव्या दिवशी मांडणी उचलायची आणि सगळ्यांनी घराबाहेर हिरवळीवर जायचं, तेव्हा प्रश्न पडतो की माशाचं काय करायचं? नव्या इमारतींतल्या घरांत हौद कुठून असणार? मग पोरं भांडी घेऊन आमच्या दारात रांग लावतात. खाले हौदाच्या काठावर बसते आणि प्रत्येकाला विचारते, "नाव काय याचं?" नाव सांगितल्याशिवाय मासा हौदात जात नाही. पुढच्या नवरोजला तीच पोरं शुभेच्छा द्यायला येतात, बदाम-पिस्त्यांनी खिसे भरतात आणि हळूच विचारतात, "खाले, माझा कुठाय?"

आणि खाले दाखवते. नेहमी दाखवते. आता मिशा फुटलेला, ट्रक चालवणारा जावीद दरवर्षी येऊन विचारतो, तर त्यालाही दाखवते, "तो बघ, जाडा. तुझ्यासारखाच सुटलाय."

"खाले, त्याचा मासा केव्हाच मांजराने नेला," तो गेल्यावर मी म्हणते. "मी डोळ्यांनी पाहिलाय."

"मांजराने नेला तो दुसऱ्याचा होता."

"आणि त्या दुसऱ्याने विचारलं तर?"

"त्यालाही दाखवेन एक. हौदात मासे काय कमी आहेत?"

आमच्या घरी नवरोजच्या जेवणात मासा शिजत नाही, हे ओघानेच आलं. सगळं शहर पालेभाजीच्या भाताबरोबर तळलेला मासा खातं, आम्ही भाताबरोबर अंड्या-भाजीचं कुकू खातो. खालेचे दीर नुसरत आगा दरवर्षी पानावर बसून म्हणतात, "वहिनी, सणासुदीला तरी!" आणि दरवर्षी खाले त्यांच्या ताटात भाताच्या तळाची खरपूस पापडी वाढून त्यांचं तोंड बंद करते. पातेल्याला एकच चांगली पापडी निघते. ती ज्याच्या ताटात पडते, त्याचा त्या दिवशी मान.

मासे घेऊन येणाऱ्या पोरांच्या रांगेत एक डोकं पांढरं होतं. त्याचं सांगायलाच हवं. उस्ताद हैबतुल्ला. नाव असं दणदणीत, आणि माणूस माझ्या खांद्याएवढा. तांबटांच्या बाजारात त्यांचं दुकान. आयुष्य तांब्यावर हातोडी मारण्यात गेलं, त्यामुळे कान पार गेले. बहिरा माणूस ओरडून बोलतो हे ठीक आहे, पण उस्तादांची कुजबूजसुद्धा दोन गल्ल्या पलीकडे जाते आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. एकदा रोटीच्या रांगेत ते माझ्या कानाला लागून म्हणाले, "त्या इशरत खानमचा हलवा अगदी लुकण असतो बघ." इशरत खानम रांगेच्या शेवटी उभी होती. तिने पुन्हा कधी त्यांच्याकडे हलवा पाठवला नाही, आणि उस्ताद अजून मला विचारतात, "ती रुसली का गं माझ्यावर?"

त्यांची बायको वारली त्या वर्षी तेराव्या दिवशी ते पोरांच्या मागे भांडं धरून उभे राहिले. मुलगा नाही, मुलगी नाही, आणि एकट्याच्या घरात मांडणी तरी कुणासाठी केली होती कोण जाणे. त्यांची पाळी आली. खालेने पोरांना विचारते तसंच विचारलं, "नाव काय याचं?"

उस्तादांनी तिच्या ओठांकडे बघितलं, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि गरजले, "तांबट्या! माझ्याच धंद्यातला आहे. रंग बघा!"

खरंच तांब्याच्या नव्या परातीसारखा रंग होता त्याचा, आणि शेपूट एका बाजूला फाटलेली. तेव्हापासून उस्ताद दर नवरोजला येतात आणि आपला मासा बघून जातात. तांबट्या खरोखरच जगला, हे विशेष. त्याच्यासाठी खालेला कधी खोटं बोलावं लागलं नाही.

एरवी उस्तादांशी खाले थेट बोलायची नाही. बोलायची ती माझ्यामार्फत. ती हळू आवाजात मला सांगणार, मी त्यांच्या कानात ओरडणार. "विधवा बाईने विधुराला हाका मारायच्या आणि गल्लीने कान टवकारायचे, हे नको," असं तिचं म्हणणं. गल्लीने कान टवकारायचे तेवढे केव्हाच टवकारले होते. पण ते तिला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

मग एका हिवाळ्यात थंडी जरा जास्तच पडली आणि हौद तडकला. कोपऱ्यापासून मधल्या खळग्यापर्यंत चीर. पाणी जायला लागलं ते शेजारच्या इराण खानमच्या भिंतीत. तिच्या खोलीत ओल आली, तिने नुसरत आगांना निरोप धाडला, कारण अर्धं घर त्यांच्या नावावर आहे. ते आले, भिंतीला तळवा लावला आणि म्हणाले, "वहिनी, आता पुरे. बुजवून टाकू. वर फरशी घालू. माझी गाडी तरी उभी राहील."

"आणि माझी मुलं कुठे उभी राहतील?"

"उद्यानातल्या तळ्यात सोडा ना! तिथे मोठी जागा आहे."

"तिथे त्यांना नावाने कोण ओळखतं?"

नुसरत आगा वाईट माणूस नाही, फक्त गाडीवर त्यांचा फार जीव. शेवटी त्यांनी मुदत दिली. नवरोजच्या दिवशी ते शुभेच्छांना येणार. भिंत कोरडी आणि हौद भरलेला दिसला तर हौद राहील. नाही तर तेरावा दिवस उलटला की दगड-मुरुमाची गाडी दारात. खालेने मान डोलावली. ते गेल्यावर ती काठावर बसून राहिली आणि मी चहा आणला तरी तिने घेतला नाही. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मासे तळघरात गेले. लोणच्याच्या मोठमोठ्या बरण्या आणि घरातली सगळी टपं त्यांच्यात वाटली गेली. आम्ही आंघोळीला हमामात जायला लागलो. आणि मग हौदाला काय लावायचं यावर गल्ली तुटून पडली. वसंताआधीची झाडलोट, सणाची खरेदी, सगळं बाजूला राहिलं. जो तो खालेला अक्कल शिकवायला यायचा. तिने सगळ्यांना एकच सांगितलं, "तोंडाने बोलू नका. वाडग्याला आतून लावून आणा."

काठावर वाडग्यांची रांग लागली. खाले रोज त्यांत पाणी भरायची, दुसऱ्या दिवशी चाखायची.

नुसरत आगांच्या गवंड्याने सिमेंट लावलेला वाडगा आणला. खालेने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साबण खाल्ल्यासारखं वाटतंय. जीभ सोलून निघाली माझी." छप्पर गळतं तेव्हा डांबर आणि गोणपाट लावतात, ते जावीदने आणलं. त्याचा घोट तिने घेतलाच नाही, वासानेच परत पाठवला. "याच्यात माझी मुलं? रस्ता करायचाय का मला त्यांचा?" रंगवाल्याने निळा तेलरंग लावून आणला. दिसायला इतका सुरेख, की सगळी पोरं ओरडली, हाच, खाले, हाच! दुसऱ्या दिवशी पाण्यावर साय धरल्यासारखा तवंग होता. ते पाणी गेलं थेट नालीत. मग कुणीतरी प्लास्टिकचा कागद अंथरून बघ म्हणालं. "नवीन चप्पल चावल्यासारखं लागतंय," खाले म्हणाली.

"तू कधी चप्पल चावलीस गं?" मी.

"तुझ्या लहानपणी तू चावायचीस. तोंडातून मीच काढायची."

शेवटी सारूजवर गाडी थांबली. चुना, राख, बोरूच्या तुऱ्यांची पिसं, बकरीचे केस आणि अंड्याचा पांढरा बलक, असा तो जुना गिलावा. लावायला सफर म्हणून एक म्हातारा गवंडी मिळाला. तो तोंडाने भराभर आणि हाताने सावकाश. सारूज काठ्यांनी बडवून बडवून मऊ करावं लागतं. सफर दोन फटके मारायचा आणि आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगायचा. बाकीचे फटके मी मारले. पांढरा बलक सारूजमध्ये, मग पिवळ्याचं काय? गल्लीतल्या प्रत्येक घरी पिवळी अंडी. आम्ही अंड्याचं इतकं काही खाल्लं, की अंडं म्हटलं तरी मला मळमळायचं.

चीर बुजली, सगळा हौद आतून नव्याने लिंपला, वाळला. पाणी भरलं. खालेने चाखलं आणि थुंकलं. चुना जिभेला चावत होता. उपसला, परत भरला, परत थुंकलं. माझे हात गळायला आले. तेव्हा खालेने तळघरातून द्राक्षांचा रस आंबवून केलेल्या आपल्या शिरक्याचे रांजण काढले आणि खराट्याने सगळा हौद शिरक्याने घासून काढला. सगळं अंगण आंबट वासाने भरलं, येणाराजाणारा नाक धरायचा. त्यानंतर भरलेलं पाणी तिने चाखलं, गालांत घोळवलं, डोळे मिटले आणि गिळलं. मी अक्षरशः खाली बसले.

मासे परत हौदात आले. तांबट्या पहिला सुळकन खळग्यात गेला आणि तिथून सगळ्यांवर नजर ठेवून राहिला. भिंत कोरडी होत चालली होती. खाले त्या दिवशी गाणं गुणगुणत होती, आणि तिचा आवाज चांगला नाही.

त्याच संध्याकाळी उस्ताद हैबतुल्ला आले, सर्दीने नाक चोंदलेलं. हातात मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी. काठावर ठेवून त्यांनी मखमल बाजूला केली. तांब्याचं कमळ होतं. एकेक पाकळी हातोडीने घडवलेली, पाकळीवर शिरा काढलेल्या, मध्ये कारंज्याची तोटी आणि खाली तांब्याची नळी. गल्ली मातीत आणि चुन्यात लोळत होती तेव्हा हा माणूस दुकानात बसून हे करत होता.

"मुनव्वर खानम!" ते म्हणाले, आणि समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थबकली. "हौद नवा झाला. आता त्याला दागिना नको?"

खालेने डोक्यावरचा पदर सारखा केला, परत सारखा केला. मग मला हळूच म्हणाली, "त्यांना सांग, हात दुखले असतील."

मी कानात ओरडले. उस्ताद म्हणाले, "दुखले! पण गोड दुखले!" गच्चीवरची बाई खाली धावली. तिला आता घरोघर सांगायचं होतं.

वाडग्यांसारखी परीक्षा तांब्याचीही झालीच. खालेने कमळात पाणी भरलं, थोड्या वेळाने घोट घेतला आणि म्हणाली, "गोड आहे." गोड असणारच. आमच्याकडे आजा-पणजापासून सगळे तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत आले. तांब्यावर संशय घ्यायचा म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यावर घेतल्यासारखं. मला आला नाही, कुणालाच आला नाही. उस्तादांनी स्वतः नळी जोडली, छोटा पंप लावला आणि कमळातून पाणी उडायला लागलं. तेच पाणी वर जायचं, पाकळ्यांवरून घरंगळत खाली यायचं, पुन्हा वर. खाले चहाचा पेला घेऊन तिथे बसली ती अंधार पडेपर्यंत.

आणि मग मासे बिघडले. आधी ते भाकरीच्या चुऱ्याकडे येईनात. मग कोपऱ्यात गोळा होऊन राहिले, पंख अंगाला चिकटवून. मग वर येऊन तोंड उघडून उभे राहायला लागले, हवा मागितल्यासारखे. खाले सकाळी उठून घोट घ्यायची, घोळवायची, गिळायची. "पाणी तर चांगलं आहे गं." परत एक घोट. "चांगलं आहे." तिचा चेहरा बघवत नव्हता.

"चुना असेल अजून," मी म्हणाले.

"चुना मला कळला नसता?"

मग तिने ठरवलं की नजर लागली. कुणाची, तर रंगवाल्याची, कारण त्याचा निळा रंग तिने नालीत ओतला. किंवा नुसरत आगांच्या गाडीची. तिने निखाऱ्यावर नजर उतरवायचे हरमलाचे दाणे टाकले आणि धुराचं भांडं घेऊन हौदाभोवती फिरली. धुराने मला खोकला आला. मासे होते तसेच राहिले. नवरोज दोन दिवसांवर आला होता, आणि मी मनातल्या मनात दगड-मुरुमाची गाडी दारात आलेली बघत होते.

दुपारी उस्ताद आपलं कारंजं बघायला आले. म्हणजे तसं म्हणाले. काठावर टेकले, आणि सर्दीतून मोकळं झालेलं त्यांचं नाक हललं. कान गेलेल्या माणसाचं नाक तिखट असतं की काय देव जाणे.

"शिरक्याचा वास कुठून येतोय?"

"हौद शिरक्याने धुतला होता," मी त्यांच्या कानात ओरडले. "चुना मारायला."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मग कमळाकडे. मग वर तोंड करून उभ्या असलेल्या माशांकडे. असा उतरलेला चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"आंबट?" ते म्हणाले. "आंबटाच्या घरात माझं उघडं तांबं? अगं, गिऱ्हाईकांना ओरडून ओरडून माझा जन्म गेला! कल्हई उडाली की त्यात आंबट शिजवू नका, तांबं उतरतं, पोटात जहर जातं! आणि मी स्वतःच्या हाताने..."

"पण मी तर रोज पिते," खाले म्हणाली. मी सांगायच्या आधीच त्यांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं.

"तुम्ही एक घोट पिता, खानम! ते त्यात राहतात!"

खाले काठाला धरून उभी राहिली. तिचा इतक्या वर्षांचा कायदा त्या एका वाक्यात गेला, आणि तो गेला हे तिला समजलं, हे मला दिसलं. पण तिला तिथे उभं ठेवायला वेळ नव्हता. उस्ताद विजारीसकट त्या गार पाण्यात उतरले होते. छातीपर्यंत भिजून त्यांनी नळी तोडली, कमळ मुळासकट उपटलं आणि काठाबाहेर असं फेकलं की एक पाकळी दुमडली. आयुष्यात त्यांनी तांबं जमिनीवर टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. मग हाकाटी झाली. जावीद आला, रंगवालासुद्धा आला, ज्याच्यावर खालेने नजरेचा आळ घेतला होता. मासे बरण्यांत काढले, हौद उपसला, धुतला, नवं पाणी भरलं. खालेने नव्या पाण्याचा घोट घेतला नाही. ती नुसती माशांकडे बघत राहिली, ते काय सांगतात ते बघत.

रात्रभरात बहुतेक सगळे सावरले. सकाळी तळघरातल्या शेवटच्या बरणीत तांबट्या उलटा तरंगत होता.

खालेने त्याला रुमालात गुंडाळून डाळिंबाच्या मुळाशी पुरलं. माती सारखी केली, वर दोन पानं टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उस्तादांना सांगायचं नाही."

"सांगून टाक ना, खाले. समजूतदार माणूस आहे. समजून घेतील."

"समजून घेतील म्हणूनच सांगायचं नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचीही तिला लाज वाटली नाही. "तो माणूस आधीच स्वतःला खातोय. त्याच्या हाताने त्याचाच गेला, हे मी त्याला सणाच्या तोंडावर सांगू?"

साल पालटायची घटका दरवर्षी वेगळी असते, त्या वर्षी ते सकाळी पालटलं. मांडणीत आमच्याकडे त्या वर्षी काचेच्या थाळीऐवजी तांब्याचं कमळ होतं, दुमडलेल्या पाकळीसकट, आणि त्यात सफरचंदं. मांडणीत लागतोच तो शिरक्याचा पेला खालेने मांडणीच्या अगदी पलीकडच्या टोकाला ठेवला होता. माणसं यायला लागली. नुसरत आगा आले ते आधी शेजारी जाऊन आले. परत आले तेव्हा तळवा झटकत होते. "कोरडी आहे," ते म्हणाले, जरा नाराजीनेच. मग भरलेल्या हौदाकडे बघून म्हणाले, "पण वहिनी, जेवायला मासा नसेलच!"

पोरं आली, खिसे भरले, आपापला मासा बघायला रांगेत लागली. मला वाटलं होतं, उस्ताद येणार नाहीत. दोन दिवस त्यांच्या दुकानाला कुलूप होतं. पण ते आले. धुतलेला सदरा, आणि हातात कापडात काहीतरी. त्यांनी ते काठावर ठेवलं. भाजलेल्या मातीची तोटी होती, साधी, माशाच्या तोंडाची. कुंभारांना हा माणूस जन्मभर "चिखल भाजणारे" म्हणत आला. त्यांच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवायचा. त्याच कुंभाराच्या दारात जाऊन तो उभा राहिला होता.

"मातीची आहे," ते म्हणाले, मान खाली घालून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "माती काही करत नाही."

मग ते पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. पाळी आली. त्यांनी विचारलं, "माझा कुठाय?"

खालेने बोट दाखवलं. तिचं बोट हललंसुद्धा नाही. "तो काय. त्या मोठ्याच्या मागे. लाजतोय आज."

मी ओरडून सांगायला पुढे झाले, पण उस्तादांनी हात वर केला. ते वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. तांब्याच्या दहा छटा नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या काढणारा तो माणूस.

"हो," ते म्हणाले. "तोच. वाढलाय."

खाले बदाम-पिस्त्यांचं तबक आणायला वळली. उस्ताद जायला निघाले, मी दारापर्यंत पोचवायला गेले. उंबऱ्यावर त्यांनी माझा दंड धरला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले.

"माझ्या तांबट्याची शेपूट फाटकी होती. याची नाही. पण तिला सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून. वाईट वाटेल तिला."

अंगणातलं पिस्ते फोडणं थांबलं. गच्चीवरची बाई कठड्याला टेकली. नुसरत आगांचा चहाचा पेला तोंडाशीच राहिला. मी हळूच मागे बघितलं. खाले हौदाशी तबक धरून उभी होती आणि तिने शब्दन् शब्द ऐकला होता. उस्ताद मात्र माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवत होते, गुपित नीट सांगून झालं म्हणून. ते वळले आणि गल्लीला लागले.

खालेने तबक काठावर ठेवलं. दारापर्यंत आली, मला बाजूला सारलं आणि जिने इतक्या वर्षांत त्या माणसाला एक हाक मारली नव्हती, ती छाती भरून ओरडली.

"उस्ताद हैबतुल्ला! भात उतरलाय! आत या, जेवून जा!"

ते थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. "मला बोलावलं का गं?"

"अख्ख्या काशानला बोलावलंय!" आतून नुसरत आगा ओरडले. "या आता, गार होतोय!"

उस्ताद आले, बूट काढले, सतरंजीच्या अगदी टोकाला बसले, जागा अडवली म्हणून कुणी रागावेल असे. खालेने भात वाढला, कुकू वाढलं. मग पातेल्याच्या तळाची खरपूस पापडी उचटून काढली. नुसरत आगांनी सवयीने ताट पुढे केलं. खालेने ती त्यांच्या समोरून नेली आणि उस्तादांच्या ताटात ठेवली. नुसरत आगांनी एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा उस्तादांकडे, आणि ताट मागे घेऊन मुकाट्याने जेवायला लागले.